मराठीत समजावून सांगितले

तो 'जय भीम' म्हणाला ते इतक्या हळू, की ते फक्त मला ऐकू यावं आणि त्या काचेच्या दाराला ऐकू येऊ नये. आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये चप्पल काढावी की नको या विचारात एक टाच बाहेर काढून तो उभा होता, आणि मी कराराच्या दोन प्रती छातीशी धरून त्याला आत बोलवायला गेलेले. मीही तेवढ्याच हळू 'जय भीम' म्हणाले. मग त्याने माझ्या वरिष्ठांच्या, सलिल सरांच्या केबिनकडे पाहिलं, दार बंद आहे ना बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "कुंडलिकदादांची मेघना ना तुम्ही? मोहन्याच्या वस्तीतली? मी उत्तम, तुमच्या मागच्या चाळीतला. तुम्ही लहान होतात, तुम्हाला काय आठवणार! कंपनीच्या पत्राखाली तुमचं नाव वाचलं आणि हिला म्हटलं, अगं, ही तर आपली मेघनाताई." ही म्हणजे प्रियांका, त्याची बायको. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी त्यांच्या मागे आणखी कोणी दिसतंय का ते पाहिलं. कारण मी समोरच्या पार्टीची वकील होते, आणि त्याने स्वतःचा वकील आणलेला नव्हता. "तुमच्याबरोबर कोणी आलंय का? वकील वगैरे?" मी विचारलं. तो हसला. "तुम्ही आहात की ताई."

मी आहे. पण कुणाची, हे त्या क्षणी स्पष्ट सांगायला हवं होतं आणि मी सांगितलंही. म्हटलं, "उत्तमदादा, मी कंपनीकडून आहे. कंपनीची वकील." त्याने मान डोलावली, पोरगी नवीन नोकरीचं कौतुक सांगतेय आणि आपण ते ऐकतोय अशी. "मग काय! आपलं माणूस कंपनीत. अजून काय पाहिजे?" कायद्याच्या कॉलेजात शिकवलेलं होतं की विरुद्ध पक्षाला आपली भूमिका साफ सांगावी, त्याला स्वतंत्र सल्ला घ्यायला सांगावं. हे सांगून झाल्यावर समोरचा खूश झाला तर काय करायचं, ते शिकवलेलं नव्हतं.

उत्तमची मानपाड्याला शेड आहे. लोखंडी पेट्या, दारं, पत्रे यांच्यावर रंगाची पूड मारून भट्टीत भाजायची, की रंग पक्का बसतो. आसपासच्या चार-दोन छोट्या कारखान्यांची कामं तो करतो, करत होता. आता आमच्या क्लायंट कंपनीला, जी विजेच्या पेट्या बनवते, तिला त्याची पूर्ण भट्टी हवी होती. करार मीच लिहिला. त्यात लिहिलं होतं की करार संपेपर्यंत उत्तमने दुसऱ्या कुणाचंही काम घ्यायचं नाही. आणि कंपनीने त्याला किती काम द्यायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कंपनीला वाटलं तर ट्रक भरून पेट्या येतील, नाही वाटलं तर एकही येणार नाही, आणि भट्टी थंड पडली तरी त्याला दुसरीकडे हात पसरता येणार नाही. त्याच्या बाजूला सगळीकडे 'बंधनकारक' आणि कंपनीच्या बाजूला सगळीकडे 'गरजेनुसार'. कच्च्या मसुद्यात मी एक कलम घातलं होतं, किमान कामाची हमी देणारं. तेव्हा मला उत्तम कोण हे माहीत नव्हतं, फक्त कलम एका पायावर उभं दिसत होतं म्हणून दुसरा पाय दिला. सलिल सरांनी ते कापलं. रागावले नाहीत ते, कधीच रागावत नाहीत. स्वच्छ, पुणेरी, प्रेमळ मराठीत म्हणाले, "मेघना, मसुदा सुरेख झालाय. फक्त मला एक सांग, आपण कुणाचे वकील?" मी म्हणाले कंपनीचे. "मग त्यांचा वकील काय करेल?" तो हे कलम मागेल. "मग त्याला मागू दे की. मागितलं तर देऊ थोडं. न मागता वाढणं हे जेवणात बरं दिसतं, करारात नाही." खरं होतं ते. वाटाघाटी म्हणजे दोन्हीकडून ओढणं, आणि दोन्ही बाजूंनी ओढलं की दोरी मध्ये कुठेतरी थांबते, असंच मीही मानत आलेय. पण इथे दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतंच. म्हणजे उत्तम होता, पण त्याने आपलं टोक माझ्याच हातात आणून दिलं होतं.

आत मीटिंगरूममध्ये एसी नेहमीसारखा जास्त होता. सलिल सर टेबलाच्या टोकाला, मी मध्ये, समोर ती दोघं. कंपनीच्या सह्या आधीच होऊन आलेल्या, शेवटच्या पानावर निळा शिक्का गोल बसलेला. उत्तमने शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं आणि विचारलं, "ताई, सही कुठं?"

"अहो, थांबा! आधी मला वाचून तर दाखवू दे."

"वाचा की. वाचू नका कोण म्हणतंय? मी आपला हात तयार ठेवला."

सलिल सर मनापासून हसले. प्रियांका हसली नाही. करार इंग्रजीत असतो आणि सही करणाऱ्याला इंग्रजी नीट येत नसेल, तर आमच्याकडे शेवटी एक परिच्छेद टाकतात : वरील मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो मला समजला, मग मी राजीखुशीने सही केली. त्याखाली त्याची सही, आणि त्याच्याखाली ज्याने समजावलं त्याची. मी बाळंतपणाहून परत आल्यापासून हे समजावण्याचं काम माझ्याकडे आलंय. "तुझं मराठी लोकांना आपलं वाटतं," असं सर म्हणाले होते, आणि मी ते कौतुक घरी नेऊन नवऱ्याला, राजरत्नला सांगितलं होतं. तो म्हणाला, "चला, मोहन्याची भाषा कामाला आली." आम्ही दोघं हसलेलो. दिशा झाल्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं, दोन्हीकडे माझ्या कामाआधी बाळाचं वय विचारलं गेलं. सलिल सरांनी ते कधी विचारलं नाही. संध्याकाळी मी घड्याळाकडे बघायला लागले की तेच म्हणतात, "नीघ तू, पिल्लू वाट बघत असेल." अशा माणसाविरुद्ध मनात काही धरायचं तर ते कुठे धरायचं, तेच कळत नाही.

मी वाचायला लागले. पहिली कलमं सोपी, पत्ता, नावं, कामाचं वर्णन. मांडीवर उलट्या ठेवलेल्या फोनमध्ये सासूबाईंचा मेसेज थरथरला. मला तो न बघताच माहीत होता : दिशाने भात थुंकला, किंवा दिशा झोपली, किंवा दिशा झोपत नाही. केशरबाई मेसेज बोलून टाइप करतात, त्यामुळे त्यांच्या मेसेजमध्ये मागे रडण्याचा आवाज नसतो, आणि तो नसतो म्हणूनच मला तो जास्त ऐकू येतो. छाती दुधाने जड झालेली. खोलीतल्या तिघांपैकी कुणालाही कळत नव्हतं की या क्षणी माझं शरीर डोंबिवलीत, बाळाजवळ आहे. मी वाचत होते आणि माझाच आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. तो आवाज मोठा छान होता. संथ, कुणाला घाई नाही असा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, 'हो ना?' असं न म्हणता म्हणणारा. इंग्रजीत हे कलम टोकदार होतं, वाचताना जिभेला लागायचं. मराठीत मी म्हणाले, "म्हणजे बघा दादा, करार असेपर्यंत तुम्ही फक्त कंपनीचंच काम करायचं. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं नाही," आणि ते वडीलधाऱ्या माणसाने दिलेल्या सल्ल्यासारखं वाटलं. गोड खाऊ नका, उन्हात फिरू नका, दुसऱ्या कुणाचं काम घेऊ नका. मी एकही शब्द चुकीचा सांगत नव्हते. उलट जितकं साफ सांगावं तितकं ते मऊ होत होतं, कारण ते मोहन्याच्या मराठीत होतं आणि त्या मराठीत उत्तमला आजवर कुणी फसवलेलं नव्हतं. निदान मी तरी नव्हतं.

आमच्या घरी लोक कागद वाचून घ्यायला यायचे. बाबा कारखान्यात पाळी करून आले की ओट्यावर बसायचे आणि कुणी कोर्टाचं समन्स, कुणी गावाकडल्या भावाचं पत्र, कुणी विजेच्या ऑफिसातली नोटीस घेऊन यायचं. बाबा आधी सगळं मनात वाचायचे. त्या वेळात समोरचा माणूस कागदाकडे बघायचा नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचा. मी दारात बसून ते बघणं बघायची. वाईट असलं की बाबा आधी पाणी प्यायला सांगायचे. "घे, पाणी पी, मग सांगतो." त्यामुळे नंतर नंतर पाणी म्हटलं की लोक आधीच रडायला लागायचे, आणि बाबा चिडायचे, "अरे, ऐकून तरी घे!" मला वकील व्हायचंय हे मी बहुधा त्या ओट्यावरच ठरवलं. पण बाबा ज्याचा कागद त्याच्या बाजूने वाचायचे. मीही तोच आवाज घेऊन आले होते, तोच ओटा, फक्त कागद दुसऱ्याचा होता. हे उत्तमला दिसत नव्हतं. तो कागदाकडे बघतच नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी मुद्दाम थांबले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. "पाणी घ्या ना," म्हटलं. त्याने ग्लास घटाघटा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "हां, बोला पुढं."

"हे कलम जरा नीट ऐका, दादा," मी म्हणाले. "तुम्ही दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही. पण कंपनीने तुम्हाला किती काम द्यायचं, ते यात लिहिलेलं नाही." सलिल सरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. एवढंच केलं त्यांनी.

"लिहिलेलं नाही म्हणजे?" हे प्रियांका म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली, आणि सरांना नाही, नवऱ्याला नाही, मला विचारलं. "आणि त्यांनी कामच नाही दिलं तर?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बाईने बाईला विचारलेलं होतं ते, बसस्टॉपवर विचारतात तसं, की ही गाडी नक्की तिकडेच जाते ना. मला माहीत होतं ती गाडी कुठे जाते. माझ्या जिभेवर दोन वाक्यं तयार होती. एक होतं, 'नाही दिलं तर तुम्ही काही करू शकणार नाही, सही करू नका.' ते म्हणायला एक श्वास लागला असता, एवढंच. पण ते म्हणणं म्हणजे माझ्या क्लायंटच्या खोलीत, माझ्या क्लायंटचा करार, मीच फाडणं. त्याला कायद्यात नाव आहे, त्याबद्दल वकिलीची सनद जाते. आणि सनदेचं राहू दे, उद्या सकाळी मी कुठल्या दाराने आत येणार होते? मी दुसरं वाक्य म्हणाले. "करारात त्याबद्दल तरतूद नाही. हवं तर तुम्ही हा कागद घरी न्या, तुमच्या वकिलाला दाखवा, आणि मग ठरवा. आजच सही केली पाहिजे असं काही नाही."

"अगदी," सलिल सर म्हणाले. "शांतपणे दाखवा. काही घाई नाही. फक्त वहिनी, एक सांगू का? काम द्यायचं नसतं तर कंपनीने तुमच्यापर्यंत येण्याचा खटाटोप कशाला केला असता?"

"तेच सांगतोय मी हिला आठवडाभर," उत्तम म्हणाला. मग तो बायकोकडे वळला आणि खालच्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं, ताई बसल्यात ना समोर. परक्यासारखं काय विचारतेस? त्यांना काय वाटेल?"

"मला काही वाटत नाही," मी म्हणाले. "त्या बरोबर विचारतायत, दादा. खरंच दाखवा कोणालातरी."

"बघ, किती मोठं मन आहे," तो प्रियांकाला म्हणाला. "स्वतः वकील असून दुसऱ्या वकिलाला दाखवा म्हणतायत. लबाड असत्या तर म्हणाल्या असत्या का?"

मी जे जे म्हणत होते ते त्याच्या विश्वासातच भर टाकत होतं. इशारा दिला की तो प्रामाणिकपणा ठरत होता, गप्प बसले असते तर ती संमती ठरली असती. प्रियांका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली नेली नाही, मुद्दाम नेली नाही, तिला तिथे काहीतरी दिसावं म्हणून डोळे उघडे ठेवले. तिला काय दिसलं कोण जाणे. तिने पर्सची चेन लावली, म्हणाली, "बरं," आणि उत्तमने वाकून, जीभ किंचित बाहेर काढून, पान पान उलटत सह्या केल्या. त्याची सही मोठी होती, नावाखाली दोन रेघा आणि दोन टिंबं. मग सरांनी शेवटचं पान माझ्याकडे सरकवलं. 'समजावून सांगणाऱ्याची सही.' मी खरंच समजावून सांगितलं होतं. त्या ओळीत एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली.

चहा झाला, चहाबरोबर सरांनी माझ्या बाळाचं कौतुकही त्या दोघांना सांगितलं. सर उत्तमच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत गेले आणि परत येताना मला म्हणाले, "फार संयमाने केलंस. मी क्षणभर घाबरलो होतो हं." ते कशाला घाबरले होते, ते त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी "आलेच" म्हणून बाहेर धावले. लिफ्टपाशी ती दोघं उभी होती. प्रियांका लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. आता माझ्यामागे टेबल नव्हतं. कराराच्या सह्या झाल्या होत्या, पण जुन्या गिऱ्हाइकांशी उत्तमचं तोंड अजून गोड होतं. त्यांची अर्धवट पडलेली कामं पूर्ण करायला थोडी मुदत आम्ही देतो, तेवढी मी सरांकडून मागून घेऊ शकले असते. तेवढ्या मुदतीत त्याला कळलं असतं की कंपनी पेट्या पाठवते की नाही. मी धापा टाकत म्हणाले, "उत्तमदादा, एक ऐका. तुमची जुनी कामं आहेत ना, त्या लोकांना एकदम तोडू नका. हातातलं पूर्ण करायला वेळ लागेल म्हणून सांगा, मी बघते इथे काय करता येतं ते."

"ते तर झालं की, ताई."

"काय झालं?"

"सगळ्यांना सांगून टाकलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी. खाली तुमचं नाव वाचलं, म्हटलं आता फिक्स. फोन करून सांगितलं, तुमचा माल घेऊन जा, आता आपली भट्टी कंपनीची. एक शेठ तर जाम भडकला. म्हणाला, पुन्हा दारात उभा राहू नकोस." तो हसला. "मी म्हटलं, नाही राहत जा."

लिफ्ट आली. प्रियांका आत जाऊन कोपऱ्यात उभी राहिली, पाठीमागे आरशात तिची पाठ. "बाळाला सांभाळा," ती मला म्हणाली. दार बंद होताना उत्तमने हात उंचावला आणि या वेळी मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "जय भीम, ताई!"

मी डोंबिवलीला पोचले तेव्हा अजून उजेड होता. दिशा रांगत दारापर्यंत आली आणि माझ्या ओढणीला धरून उभी राहायचा प्रयत्न करायला लागली. केशरबाई म्हणाल्या, "आज काय बाई, भात खाईना, वरण खाईना, नुसतं दाराकडं बघणं." मी तिला घेऊन गॅलरीत बसले. ती पिताना डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, न मिटता, आणि मला ते सहन होईना. मी तिच्या डोळ्यांवर हलकेच हात ठेवला. तिने तो बाजूला केला आणि पुन्हा बघायला लागली. या मुलीला अजून एकही शब्द कळत नाही. तिला फक्त माझा आवाज कळतो, आणि त्याच्यावर ती झोपते. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं आणि तो यंत्रातला बाईचा आवाज सावध राहायला सांगत होता, गोड, न थकता, आणि कुणीही बाजूला होत नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ते स्वतःच ओरडून बोलतात.

"मेघे! उत्तमचं काम केलंस म्हणे!"

"बाबा, मी त्याचं काम नाही केलं. मी कंपनीची वकील आहे."

"तेच ते. आत्ता येऊन गेला इथं, पेढे घेऊन. म्हणाला, ताईंनी ओळ न् ओळ समजावून सांगितली. पाणी विचारलं म्हणाला! मला असं बरं वाटलं, काय सांगू."

"बाबा, ऐका ना. त्याला सांगा की तो कागद एखाद्या वकिलाला..." आणि मी थांबले. सह्या झालेला कागद आता कुणाला दाखवून काय होणार होतं? शिवाय क्लायंटच्या कराराबद्दल मी वडिलांशी बोलू शकत नव्हते. वडिलांशी तर नाहीच.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"काही नाही."

"बरं, हे बघ. रविवारी विहारात तुझा सत्कार ठेवलाय. साधाच गं, फुलं आणि एक पुस्तक. वस्तीतली पहिली वकील पोरगी म्हणून. उत्तमनेच सुचवलं, त्याच्याच हातून देणार आहेत. अजून दोघातिघांना कंपन्यांची कामं घ्यायची आहेत, त्यांना पण भेटायचंय तुला. नाही म्हणू नकोस हां. माझी शपथ आहे. पोरीला पण आण, लोक बघतील." ते थांबले. त्यांच्या मागे आई कुणाला तरी पेढा घ्यायचा आग्रह करत होती. "मेघे? आहेस ना?"

दिशा पिता पिता झोपली होती. तिचं तोंड अर्धं उघडं होतं.

"आहे," मी म्हणाले. "किती वाजता यायचं, बाबा?"